गैरहजेरीचा प्रश्न

जून उजाडला की प्रवेशाबद्दल विचारायला येणाऱ्या पालकांची आमच्याकडे वर्दळ सुरू होते. आम्ही भुसावळात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मराठी शिकवतो; त्यामुळे शाळांच्या बाबतीतही आमच्या मताला वजन असावे, असा त्यांचा भाबडा समज असतो. यंदा आलेले एक गृहस्थ रेल्वेत नोकरीला होते. मुलगी आठवीत जाणार. लांब पल्ल्याची धावपटू. पण शाळेच्या संघातली नव्हे, तर बाहेर प्रशिक्षकाकडे शिकणारी. आमच्याकडच्या उन्हात सराव पहाटेच करावा लागतो आणि शाळा सकाळी सातला भरते. शिवाय स्पर्धांसाठी वर्षातून पंधरा-वीस दिवस बाहेरगावी जाणे आलेच. ‘शिक्षणही चांगले मिळेल आणि पोरीचे धावणेही सुटणार नाही, अशी शाळा कोणती?’ असा त्यांचा साधा प्रश्न होता. आम्ही सवयीने सांगून टाकले, ‘दहावीचा निकाल पाहा.’ ते गेल्यावर आपण चुकीचे उत्तर दिले, हे आमच्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख ही त्याची दुरुस्ती समजावी.

आमच्याच विषयाच्या एका प्राध्यापकांपुढे सुमारे चाळीस वर्षांपूर्वी हा प्रश्न उभा राहिला होता. कवी रमेश तेंडुलकर मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवीत. मुलगा वांद्र्याच्या शाळेत. प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांनी सुचवले, की त्याला दादरच्या शारदाश्रमात घालावे. तेंडुलकरांनी ते मानले. घरापासून शाळा लांब पडू लागली, तेव्हा मुलगा जवळपास चार वर्षे काका-काकूंकडे राहिला. १९८८ च्या हॅरिस शील्डमधील ६६४ धावांची भागीदारी सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला तिच्याआधीचा हा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोप घेताना सचिनने सांगितले, की वडिलांनी अकराव्या वर्षी आपल्याला मोकळीक दिली आणि त्याच वेळी आडवाटेने यश न शोधण्याची ताकीदही दिली. मोकळीक आणि ताकीद एकत्रच वाचायला हवीत.

यावर आक्षेप येईल, की यशस्वी झालेल्याची गोष्ट सांगणे सोपे असते. तो आम्हांला मान्य आहे. त्याच मैदानांवर घाम गाळून विस्मरणात गेलेल्यांची गणना कोणी केलेली नाही. तेव्हा जरा जवळचे उदाहरण घेऊ. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे शिक्षक सुरेश कुसाळे यांनी २००९ साली आपल्या मुलाला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. स्वप्निल २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. प्रबोधिनीतील प्रवेश आणि पदक यांत पंधरा वर्षांचे अंतर आहे. बहुतेक मुले पदकापर्यंत पोहोचणार नाहीत. काहींचा खेळ सतराव्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीने संपेल. त्या दिवशी त्या मुलाच्या हाती लिहिण्या-वाचण्याचे, विचार करण्याचे बळ उरले पाहिजे. म्हणून खेळाडू आहे तर अभ्यास माफ करणारी शाळाही आम्ही चांगली मानत नाही.

वस्तुतः कोणतीही शाळा पारखायची ती गैरहजेरीकडे पाहण्याच्या तिच्या दृष्टीवरून. येथे आमच्या व्यवसायातील एक विसंगती कबूल करावी लागेल. अकरावी-बारावीचे विद्यार्थी नावापुरता प्रवेश घेऊन वर्षभर खासगी क्लासमध्ये बसतात, हे सर्वांना माहीत असते. त्यांची हजेरी कशी पूर्ण होते, असे कोणी विचारत नाही. मात्र राज्य स्पर्धेहून परतलेल्या मुलीकडून अर्ज, प्रमाणपत्र आणि वर दोन बोल ऐकून घेण्याची तयारी, एवढे सारे अपेक्षित असते. पहिली गैरहजेरी आम्हांला अभ्यास वाटते, दुसरी उनाडकी. हा हिशेब मुलांना कळत नाही, असे मानणे हा आमचाच अडाणीपणा.

दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण हा त्यावरचा उपाय नव्हे. गुण वर्षाच्या शेवटी मिळतात. बुडलेला पाठ मात्र त्याच आठवड्यात भरून निघावा लागतो. म्हणून त्या गृहस्थांनी शाळेत जाऊन विचारावे: स्पर्धेच्या दिवसांत जे शिकवले जाईल ते परतल्यावर कोण समजावून देणार? घटक चाचणी स्पर्धेच्या दिवशी आली तर ती पुन्हा घेणार का? घर, मैदान आणि शाळा यांच्या फेऱ्यांत मुलीची झोप किती उरणार? आणि ही उत्तरे मुख्याध्यापकांच्या दालनात मिळाली, तरी त्या शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या खेळाडूकडून पडताळून घ्यावीत. निकालाचा फलक त्यानंतर पाहावा.

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. आज आमच्याकडून कोणी घर मागत नाही. बुडालेला पाठ पुन्हा शिकवण्यासाठी आठवड्यातला एक तास, एवढीच मागणी आहे. तो तास द्यायला कोणती शाळा तयार आहे, याची चौकशी आम्ही आता स्वतः करणार आहोत. आणि तोच तास आमच्या महाविद्यालयात कोण देणार, या प्रश्नाची सुरुवातही आमच्यापासूनच करावी लागेल.