शेरा कोठपर्यंत लागू?

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या फाटकावर एक पाटी आहे अशी कल्पना करा : 'आवारात फटाके वाजवण्यास सक्त मनाई आहे.' ही मनाई तुमच्या वर्गात लागू आहे का? ग्रंथालयात? मैदानावर? तुम्ही लगेच म्हणाल, अर्थातच आहे. त्यासाठी प्रत्येक दारावर तीच पाटी पुन्हा लावावी लागत नाही. आता दुसरी पाटी पाहा. प्रयोगशाळेच्या दारावर लिहिले आहे : 'येथे बर्नर पेटवण्यास परवानगी आहे.' प्रयोगशाळेतच एक लहान कोठी आहे आणि तिच्यात स्पिरिटच्या बाटल्या ठेवल्या आहेत. मग ही परवानगी त्या कोठीतही लागू झाली का? येथे मात्र तुम्ही थबकाल, आणि थबकायलाच हवे.

दोन्ही पाट्या बाहेरच्या दारावरच्या. एकीचा अंमल आतपर्यंत पोचावा असे आपल्याला वाटते, दुसरीचा पोचू नये असे वाटते. माणसाला हे तारतम्य असते. संगणकाला ते नसते. नियम कोणता, एवढे सांगून त्याचे भागत नाही. तो कोठून कोठपर्यंत, हेही ठरवून द्यावे लागते. या 'कोठून कोठपर्यंत'ला आपण व्याप्ती म्हणू.

संगणकाला द्यायचा प्रोग्राम लहान लहान तुकड्यांनी बनतो. एक ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. एका फंक्शनच्या पोटात दुसरे फंक्शन असू शकते. 1960 च्या सुमारास आलेल्या अल्गोल 60 या भाषेने अशी घरात घर असलेली रचना रूढ केली. पुढे अनेक भाषांत फंक्शनच्या डोक्यावर एखादा शेरा लिहिण्याची सोय झाली. तुमच्या प्रगतिपुस्तकावर गुरुजी शेरा लिहितात ना, तसाच हा. प्रोग्राम तपासून तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपाइलर हा शेरा वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. प्रश्न असा की, बाहेरच्या फंक्शनवरचा शेरा पोटातल्या फंक्शनला लागू होतो का?

याचे एकच एक उत्तर नाही. रस्ट ही भाषा घेऊ. तिची पहिली पक्की आवृत्ती 2015 साली आली. तिच्यात तीन तऱ्हा दिसतात. पहिला शेरा 'इनलाइन'. फंक्शन जेथे वापरले असेल तेथे त्याचा मजकूरच बसवावा, अशी ती सूचना असते. ती त्या एका फंक्शनपुरती. पोटातल्या फंक्शनशी तिचा संबंध नाही. दुसरी तऱ्हा सावधगिरीच्या शेऱ्यांची. अमुक चूक चालणार नाही, असे बाहेर लिहिले की ते आतल्या सगळ्यांना लागू होते. त्यातही दोन पायऱ्या आहेत. 'डिनाय' लिहिले तर आतल्या फंक्शनला 'अलाऊ' लिहून सूट घेता येते. 'फॉर्बिड' लिहिले तर आत कोणीही सूट मागितली तरी कंपाइलर ती नाकारतो.

तिसरी तऱ्हा सर्वांत शिकण्यासारखी. संगणकाच्या स्मृतीशी थेट खेळणारी काही धोक्याची कामे रस्टमध्ये 'अनसेफ' असे लिहिलेल्या चौकटीतच करता येतात. त्या चौकटीत वेगळे फंक्शन लिहिले, तर त्याला ही मुभा आपोआप मिळत नाही. स्पिरिटच्या कोठीसारखाच हा प्रकार. पण संपूर्ण फंक्शनलाच 'अनसेफ' म्हटले तर? पूर्वी त्या एका शब्दाचे दोन अर्थ होत. वापरणाऱ्याला इशारा, आणि आत लिहिणाऱ्याला मोकळे रान. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या '2024' या आवृत्तीत हे बदलले. आता इशारा कायम राहिला, पण आतल्या धोक्याच्या कामाभोवती वेगळी चौकट आखली नाही तर कंपाइलर ताकीद देतो.

माझे मत असे की, हा बदल योग्य दिशेचा आहे आणि त्यात एक सर्वसाधारण तत्त्व आहे : मनाई आत झिरपू द्यावी, मुभा झिरपू देऊ नये. मुभा जेथे हवी तेथे ती नव्याने, उघडपणे मागावी.

हे तत्त्व संगणकापुरते नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार पाहा. बेताच्या पावसाचे, दुष्काळाने गांजलेले हे गाव. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने पाणी अडवण्याच्या कामाबरोबर काही नियमही स्वीकारले. त्यांतला एक म्हणजे शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. नियम ग्रामसभेचा, म्हणजे बाहेरच्या चौकटीचा. पण तो शिवारातल्या प्रत्येक वावराला लागू. 'रान माझे, तेव्हा मी सूट घेतो' असे म्हणण्याची सोय त्यात ठेवली असती, तर काय झाले असते? खडकाच्या भेगांतले पाणी बांध ओळखत नाही. एकाच्या खोल बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते. म्हणून येथे 'डिनाय' पुरत नाही, 'फॉर्बिड'च हवे. आणि किती पाणी वापरायचे याची मुभा? ती कायमची दिलेली नाही. त्या वर्षीचा पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून, पिकांचे नियोजन दर वर्षी नव्याने ठरवायचे.

व्याप्तीची रेघ नेहमी गावाच्या शिवेवरच पडते असेही नाही. महाराष्ट्राच्या 1993 च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास बंदी घातली होती. येथे रेघ अंतराने आखली. आकडा लिहिला नसता आणि नुसते 'जवळ विहीर घेऊ नये' म्हटले असते, तर 'जवळ' म्हणजे किती, यावरच भांडणे झाली असती.

कोणी म्हणेल, प्रत्येक ठिकाणी मुभा नव्याने लिहायची म्हणजे कंटाळवाणे काम. खरे आहे, चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. पण चूक शोधायची वेळ आली की, याच ओळी सांगतात, धोका नेमका कोठे आहे. सगळे घर धुंडाळण्यापेक्षा एक कोठी तपासणे सोपे, नाही का?

शिक्षकांना एक विनंती. प्रोग्राम शिकवताना 'हा शेरा काय करतो?' एवढे विचारून थांबू नका. 'तो कोठपर्यंत लागू होतो, आणि आतून तो कोणाला बदलता येतो?' हेही विचारा. भाषा बदलली की या प्रश्नांची उत्तरे बदलतात. प्रश्न मात्र बदलत नाहीत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ. शाळेत, एसटी स्थानकावर, ग्रामपंचायतीत दिसणाऱ्या पाच सूचना वहीत उतरवून घ्या. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा : ती मनाई आहे की मुभा, तिची व्याप्ती कोठपर्यंत, आणि तिला सूट देण्याचा अधिकार कोणाला. पाचांपैकी कितींमध्ये ही उत्तरे सूचनेतच सापडतात, ते मोजून पाहा.