३०० रुपयांची तार आणि ११,८०० रुपयांचं एस्टिमेट

राजेहो, पोस्ट लांब आहे, पण ज्याच्या दारात चारचाकी आहे त्यानं वाचाच.

नवतपा सुरू होता. वर्धा रोडवर सिग्नलला थांबलो आणि आमच्या गाडीची डावीकडची समोरची काच खाली गेली ती गेलीच. तिकडचं बटण दाबलं, नाही. माझ्या बाजूच्या पॅनेलवरून दाबलं, तरी नाही. आवाज नाही, हालचाल नाही. एसी लावून गरम हवा खात घरी आलो. आमच्याकडे पार्किंग नाही, गाडी रस्त्यावर उभी असते. खिडकीला प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावली आणि रात्रीतून तीनदा उठून गॅलरीतून पाहिलं.

सकाळी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. (नाव लिहीत नाही. नाव कोणतंही टाका, गोष्ट तीच राहते.) हसतमुख पोरगा आला, बटण दोनदा दाबलं आणि म्हणाला, "सर, मोटर गेली. रेग्युलेटरसकट पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल. स्विचही बदलून घ्या, नाहीतर पुन्हा प्रॉब्लेम येईल." खर्च ११,८०० रुपये. पार्ट यायला आठ-दहा दिवस. मी विचारलं, "दार उघडून पाहिलं का भाऊ?" तर म्हणे, "सर, आमच्याकडे असेंब्लीच येते, सुटं काही येत नाही." मी बाहेर दाखवतो म्हटल्याबरोबर आवाज बदलला. "बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल सर, आमची जबाबदारी नाही."

ही धमकी तुम्हीही ऐकली असेल.

मी गाडी मानेवाडा रोडवरच्या मिस्त्रीकडे नेली. टिनाचं शेड, एक टेस्ट लॅम्प, एक कूलर. त्यानं आधी विचारलं, "बाकी तीन काचा चालू हायेत ना?" चालू होत्या. मग दाराला कान लावून मला बटण दाबायला सांगितलं. मोटर घरघरते आणि काच हलत नाही, तर रेग्युलेटरची केबल किंवा प्लास्टिकची क्लिप तुटलेली. आवाजच नाही, तर मोटरपर्यंत करंट पोहोचत नाही किंवा मोटरच बसली. एवढं दोन मिनिटांत मला समजावून दिलं. मग म्हणाला, "भाऊ, बटण दाबून ठेवा," आणि दार हळूहळू उघडायला लागला. दार अर्ध्यावर आलं आणि काच टुणकन वर उचलली! दार अजून थोडं हललं की पुन्हा बंद.

दार आणि बॉडीच्या मधे बिजागरीजवळ रबराची एक नळी असते. दाराकडे जाणाऱ्या सगळ्या तारा तिच्यातून जातात. दार रोज उघडतं-मिटतं, तशी तार रोज वाकते. आमची सात वर्षांत तुटली. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. त्यानं बॅटरीची तार काढली, नळी सरकवली, सोल्डर मारला, स्लीव्ह चढवली. पाऊण तास लागला, ३०० रुपये घेतले. मोटर ठणठणीत, स्विचही ठणठणीत.

म्हणजे ११,८०० रुपयांत माझे दोन चांगले पार्ट भंगारात गेले असते, आणि तार तुटलेलीच राहिली असती.

कोणी म्हणेल, एका पोरानं चूक केली. नाही हो. त्या पोराला निदान करायला कुणी सांगितलेलंच नाही. त्याचं टार्गेट बिलाचं आहे. आणि कंपन्यांनी सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतःच्या मुठीत ठेवली, हे मी नाही म्हणत. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला तसा निकाल दिला आहे. एका साध्या कारमालकाच्या तक्रारीवरून सुरू झालेलं प्रकरण. मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा धरून १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड. सुट्या भागांवरचा नफा १०० टक्क्यांपासून जवळपास ५,००० टक्क्यांपर्यंत, असं चौकशीत निघालं. आदेश काय होता? सुटे भाग आणि निदानाची उपकरणं बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळाली पाहिजेत. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; चुकीच्या दुरुस्तीनं नुकसान झालं तरच. सुरक्षेचं कारण कंपन्यांनी तेव्हाही पुढे केलं होतं, आयोगानं ते मान्य केलं नाही.

मग काय झालं? कोर्टबाजी. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणानं टोयोटा, फोर्ड आणि निसानच्या अपिलात दोष कायम ठेवला, पण दंड फक्त सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगितला. म्हणजे बराच खाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल काढलं. त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली लोकांनी मतदान करून गाडीच्या दुरुस्तीचा हक्क मंजूर केला. आपल्याकडे आयोगाचा आदेश असून दहा वर्षं उलटली, तरी काउंटरवरचा पोरगा तेच वाक्य बोलतो.

आणि आम्ही पत्रकार? दसऱ्याला पेपरचं पहिलं पान गाड्यांच्या जाहिरातीनं भरलेलं असतं. त्या पानामागे ही बातमी किती कॉलमची येणार, तुम्हीच सांगा. मी वीस वर्षं याच धंद्यात आहे, मीही एकदा लिहिली नाही. खोटं कशाला बोलू.

एक कबूल करतो. सगळेच मिस्त्री असे नसतात. आतलं पॅनेल काढताना क्लिपा तोडणारे, मागची प्लास्टिक शीट परत न चिकटवणारे आणि मग पावसाळ्यात पाणी आत घालणारेही आहेत. नव्या गाड्यांत दारात सेन्सर असतात, काच आपोआप वर जात असेल तर नंतर ती सेट करावी लागते. पण ते शिकायला त्याला वायरिंगचा नकाशा तर मिळाला पाहिजे! तो कंपनीच्या कुलपात, आणि वरून "लोकल मिस्त्रीला काही येत नाही" म्हणायचं.

तर आता एक करा. पुढच्या वेळी एस्टिमेट लेखी मागा. कोणती तपासणी करून पार्ट खराब ठरवला, ते त्यावर लिहून घ्या. बदललेला जुना पार्ट परत मागा, तो तुमच्या मालकीचा आहे. वॉरंटी जाईल म्हणाले तर तेही लेखी मागा. बघा कसे गडबडतात. नाही दिलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि "असेंब्लीच बदलावी लागेल" असं सांगून नंतर बाहेर स्वस्तात काम झालं असेल, तर दोन्ही बिलांचे फोटो मला पाठवा, गाडीचा नंबर झाकून. पंचवीस-तीस जमले की गठ्ठा घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात मी स्वतः जातो. माझं एस्टिमेट आणि मिस्त्रीची पावती पहिल्यांदा लावतो.