उसनी स्मृति

संगणकासारख्या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय, असें वाचक विचारतील तर त्यांचें चुकणार नाहीं. उभा जन्म आम्हीं मुलांकडून शब्द चालवून घेण्यांत व संधि सोडवून घेण्यांत घालविला. यंत्राशीं संबंध आला तो शाळेच्या घंटेपुरता. तथापि गेल्या महिन्यांत आमच्या हातून घरांतल्याच एका मुलावर अन्याय घडला. त्या अन्यायाचें मूळ शोधूं जातां जें कळलें, तें जेथें दहा-बारा माणसांत एकच संगणक आहे अशा घरांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून आजचा विषय घेतला आहे.

आमच्या तीर्थरूपांच्या हातची एक वही आहे. घरांतील जन्म-मृत्यूंच्या तिथि, औषधांचे काढे, कोणत्या सालीं पंचगंगेचें पाणी कोणत्या पायरीला लागलें, असें सर्व तींत मोडींत टिपलेलें आहे. कागद आतां हात लावतां तुकडा पडेल असा झाला आहे, आणि मोडी वाचणारें घरांत आमच्यामागें कोणी नाहीं. म्हणून ती वही देवनागरींत उतरविण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एका पानास पाऊण तास लागतो. त्या दिवशीं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसून सात पानें झालीं होतीं, आणि तीं नोटपॅडवर तशींच उघडीं होतीं. जतन करण्याची कळ एकदांहि दाबलेली नव्हती. इतक्यांत पडदा थिजला. बाण हलेना. थोड्या वेळानें 'संगणकाची मेमरी कमी पडत आहे, फायली जतन करून हे प्रोग्रॅम बंद करा' अशा अर्थाची इंग्रजी पाटी आली. गोंधळून आम्हीं कांहींतरी दाबलें, आणि सातहि पानें गेलीं.

आमचा नातू तेरा वर्षांचा आहे. तासाभरापूर्वीं तो त्याच यंत्रावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होता. एवढें कारण आम्हांस पुरलें. धूर दिसला, अग्नीचें अनुमान केलें, आणि महिनाभर संगणकास हात लावावयाचा नाहीं अशी शिक्षा फर्माविली. तो कांहीं बोलला नाहीं. रात्रीं पानावर मान खालीं घालून जेवला. दुसऱ्या दिवशीं एका दुकानदारास दूरध्वनीवरून विचारलें, तर त्यानें यंत्र न पाहतांच 'नवा घ्या' असा निकाल दिला.

आतां मूळ गोष्ट काय ती सांगतों. संगणकांत दोन ठिकाणीं सांठवण असते. एक रॅम, म्हणजे पंडिताच्या पुढ्यांतला चौरंग. जी पोथी वाचावयाची ती याच्यावर उघडलेली पाहिजे. दुसरी चकती, म्हणजे भिंतींतलें फडताळ; जागा पुष्कळ, पण दर वेळीं उठून जावें लागतें. चौरंग भरला व आणखी एक पोथी उघडावयाची झाली, तर यंत्र काय करतें? जिला बराच वेळ हात लागलेला नाहीं अशा पोथीचीं पानें खूण घालून फडताळांतल्या एका राखून ठेवलेल्या कप्प्यांत नेऊन ठेवतें, आणि मोकळ्या जागीं नवी मांडतें. पुन्हां जुनी लागली कीं उलट ने-आण. त्या राखीव कप्प्याला पेजिंग फाइल म्हणतात, आणि ज्या व्यवस्थेमुळें प्रत्येक प्रोग्रॅमला चौरंग आहे त्याहून पुष्कळ मोठा भासतो, त्या व्यवस्थेला व्हर्च्युअल मेमरी.

मराठींत हिला 'आभासी स्मृति' म्हणण्याचा प्रघात पडूं लागला आहे. आम्हांस तो शब्द रुचत नाहीं. आभास म्हटलें कीं खोटेपणा आला. मृगजळानें कोणाची तहान भागत नाहीं. या स्मृतीनें काम भागतें, फक्त उशिरानें भागतें. आम्ही तिला उसनी स्मृति म्हणूं. अवचित पाहुणे आले, डब्यांत साखर नाहीं, शेजारून वाटीभर उसनी आणली. लाडू त्या साखरेचेहि गोडच होतात.

कल्पना नवी नाहीं. इंग्लंडांत मँचेस्टरच्या विद्यापीठांत टॉम किलबर्न यांच्या मंडळीनें 'अ‍ॅटलास' नांवाचा संगणक बांधला, त्यांत ती प्रथम अंमलांत आली. त्याचा चौरंग १६,३८४ शब्दांचा, आणि फडताळाच्या जागीं फिरतें पिंप होतें तें त्याच्या सहापट. लिहिणारास मात्र दोन्ही मिळून एकच सलग जागा दिसे. त्याचें उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजीं झालें. आमच्या कोल्हापुरांत त्याच्या एकोणीसच दिवस आधीं, १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं, डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें शिवाजी विद्यापीठ उघडलें होतें. दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. पण मास्तरकीच्या संवयीनें सनावळी जुळली कीं सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

उशीर तो किती, हें गणितानेंच कळेल. रॅममधील वस्तु मिळावयास एक सेकंद लागतो असें मानलें, तर त्याच प्रमाणांत हल्लींच्या एसएसडी नामक चकतीवरून ती यावयास सुमारें पाव तास लागेल, आणि जुन्या फिरत्या तबकडीवरून आणावयाची तर एका दिवसाहूनहि अधिक. तेवढ्यांत कोल्हापुराहून पुण्यास जाऊन परत येतां येईल. म्हणून उसनवारी अधूनमधून असावी. चौरंग फारच लहान व पोथ्या फार झाल्या, म्हणजे यंत्र वाचीत कांहींच नाहीं, नुसती हमाली करतें. १९६८ सालीं पीटर डेनिंग यांनीं या अवस्थेची कारणें व तीवरील उपाय यांचें शास्त्रीय विवेचन केलें. संगणक बंद नाहीं पण हलतहि नाहीं, चकतीचा दिवा सारखा लुकलुकतो, असें दिसलें कीं हीच अवस्था समजावी.

आणि उसनें देणाराच घरीं नसेल तर? मग पाटी येते. आमच्या घरीं नेमकें तेंच झालें होतें, पण तें कळावयास आणखी चार दिवस गेले.

चौथ्या दिवशीं सायंकाळीं नातू आमच्यापाशीं आला व म्हणाला, "आजोबा, मी हात लावत नाहीं. तुम्हीच दाबा. कोण किती मेमरी खातो तें दिसतें." त्यानें सांगितलें तशा कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा आम्हीं एकदम दाबल्या, तों 'टास्क मॅनेजर' नांवाचा तक्ता उघडला. त्यांत 'यूजर्स' म्हणून एक पान असतें. आमच्या घरीं प्रत्येकाचें खातें वेगळें आहे. तक्त्यांत सूनबाईंचें नांव, धाकट्या बंधूंचें नांव आणि आमचें नांव होतें. नातवाचें नांव नव्हतेंच. तो दर वेळीं आपलें खातें रीतसर बंद करून, म्हणजे 'साइन आउट' करून, उठत असे. इतर सर्व नुसते 'स्विच यूजर' करून जात. तेणेंकरून मागच्या माणसाचें दुकान उघडेंच राही. सर्वांत मोठा आंकडा आमच्या नांवापुढें होता, दीड हजार एमबीहून अधिक. आम्हीं संस्कृत कोशांचीं त्रेचाळीस पानें ब्राउझरमध्यें उघडीं ठेवलेलीं होतीं, कांहीं तर पंधरवड्यापासूनचीं. पडदा काळा केला म्हणजे दुकान मिटलें, अशी आमची आजवर समजूत.

तर्कशास्त्र शिकवून आम्हीं केस पांढरे केले, आणि आमच्या हेतूंतला दोष तेरा वर्षांच्या मुलानें प्रत्यक्ष प्रमाणानें दाखविला. शिक्षा तेथल्या तेथें रद्द केली. क्षमाहि मागितली; नातवाची क्षमा मागण्याची आमच्या घराण्यांत रीत नाहीं, पण मागितली.

तरीहि एक शंका उरली. मेमरी भरली तरी उसनी कां मिळाली नाहीं? त्याच तक्त्यांत 'परफॉर्मन्स' या पानावर मेमरीखालीं 'कमिटेड' म्हणून दोन आंकडे असतात: पहिला किती मागणी झाली तो, दुसरा एकंदर किती देतां येईल तो. दुसरा आंकडा म्हणजे रॅम व पेजिंग फाइल यांची बेरीज. आमच्या यंत्रांत रॅम ४ जीबी. विंडोज ११ ला निदान एवढी पाहिजेच असें मायक्रोसॉफ्ट सांगते, आणि आमच्याकडे नेमकी तेवढीच आहे. आंकडे दिसले ३.६ व ३.८. म्हणजे बेरजेंत उसन्याचा भाग शून्य.

पुतण्या पुण्यास संगणकाच्याच धंद्यांत आहे. त्यास दूरध्वनी केला. त्यानें सांगितलेली वाट अशी: खालच्या शोधपेटींत 'व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' असें इंग्रजींत लिहावें. जी खिडकी उघडते तींत 'परफॉर्मन्स' या सदराखालचें 'सेटिंग्ज' दाबावें, पुढें 'अ‍ॅडव्हान्स्ड', आणि तेथें 'व्हर्च्युअल मेमरी'च्या सदरांत 'चेंज'. आम्हीं पाहिलें तों 'नो पेजिंग फाइल' यावर खूण! गेल्या वर्षीं नवी चकती बसविणाऱ्या कारागिरानें ती व्यवस्थाच बंद करून ठेवली होती. वारंवार लिहिल्यानें चकती झिजते, असें त्याचें म्हणणें असावें. हेतु वाईट नव्हता, आणि झीज होते हेंहि खरें; परंतु हल्लींच्या चकतीवर तिच्या आकाराच्या शेंकडों पट लिहितां येतें. पायऱ्या झिजतील म्हणून माडीवर जाणेंच बंद करावें, त्यांतला हा प्रकार. सर्वांत वरती 'ऑटोमॅटिकली मॅनेज' अशा शब्दांनीं आरंभ होणारी एक ओळ आहे. तिच्यापुढील चौकटींत खूण केली, 'ओके' म्हटलें, आणि यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें. एवढेंच.

पण उसनें देणाराकडेहि सांठा पाहिजे. विंडोजवर सोंपविलें असतां ती सामान्यतः हा कप्पा रॅमच्या तिप्पट, किंवा ४ जीबी, यांपैकीं जें अधिक असेल तेथपर्यंत वाढूं देते. मात्र चकतीच्या अष्टमांशापलीकडे नाहीं. आमच्या हिशेबानें १२ जीबी झाले. चकती १२० जीबीची, आणि तींत रिकामी जागा उरली होती अवघी २ जीबी! शोध केला तेव्हां धाकट्या नातवाच्या मुंजीचें चित्रण तीन जणांच्या खात्यांत तीन वेळां सांपडलें. शिवाय सकाळच्या सुप्रभातांचीं चित्रें, तीं हजारांनीं. मुंजीची एक प्रत बाहेरच्या चकतीवर नेली, ती उघडते कीं नाहीं हें पाहिलें, आणि मग येथल्या तिन्ही काढल्या. केराची पेटी, म्हणजे 'रीसायकल बिन', रिकामी केली. तोंवर जागा मोकळी होत नाहीं. 'सेटिंग्ज'मध्यें 'स्टोरेज'खालीं 'टेंपररी फाइल्स' आहेत, त्याहि काढल्या. तेथें एक जपावें. त्याच यादींत 'डाउनलोड्स' हें नांवहि असतें, आणि त्यांत आपल्या कामाचे कागद असूं शकतात; न पाहतां तेथें खूण केली तर आमच्या सात पानांची गत व्हावयाची. एकंदर ३१ जीबी मोकळे झाले.

कप्प्याचें माप आपल्या हातानें ठरवावें कीं काय, असें कित्येक विचारतात. रॅमच्या दीडपट ठेवा, हा सल्ला अजून ऐकूं येतो. विंडोज एक्सपीच्या काळीं, म्हणजे २००१ नंतरच्या वर्षांत, ती व्यवस्था आपण होऊन दीडपटीपासूनच आरंभ करी. तेव्हां घरोघर रॅम असे ती २५६ किंवा ५१२ एमबी. आतां घरगुती यंत्रांत विंडोजवरच सोंपवावें हें बरें. 'मेमरी स्वच्छ करतों' म्हणणारे फुकट प्रोग्रॅम घेऊं नयेत. ते बहुधा चौरंगावरच्या पोथ्या उचलून फडताळांत कोंबतात, आणि पुढच्या क्षणीं त्याच पुन्हां काढाव्या लागतात. आणि पाटीवर अमुक क्रमांकास दूरध्वनी करा असें लिहिलेलें असेल, तर ती पाटी संगणकाची नव्हे, भामट्याची. घरांतील वडीलधाऱ्यांस हें मुद्दाम सांगून ठेवावें. फसतात ते आमच्याच वयाचे.

एवढ्यानें पाटी येणें बंद झालें. परंतु तिघांचीं खातीं एकदम उघडीं असलीं कीं यंत्र मंद होई तें होईच. उसनवारीवर रोजचा संसार चालत नाहीं. तेव्हां पुतण्याच्या सांगण्यावरून ४ जीबीची आणखी एक रॅमपट्टी बसविली. आंत रिकामी खांच आहे कीं नाहीं, आणि आपल्या यंत्राची पट्टी कोणत्या जातीची, हें आधीं पाहावें लागतें. डीडीआर३ च्या जागीं डीडीआर४ बसत नाहीं. खर्च नव्या संगणकाच्या मानानें अगदींच किरकोळ आला.

'साइन आउट करून उठावें' अशी चिठ्ठी सूनबाईंनीं पडद्याच्या कडेला चिकटविली आहे. त्रेचाळीस पानांपैकीं आम्हीं पांच ठेवलीं.

तीं सात पानें पुन्हां लिहून झालीं, आणि आतां नववें चाललें आहे. त्यांत एका काढ्याच्या प्रमाणापाशीं शाई उडाली आहे. अक्षर 'मासा' आहे कीं 'तोळा' हें भिंग लावूनहि ठरत नाहीं, म्हणून तेथें तूर्त जागा सोडली आहे. नातू मधून मधून येऊन मागें उभा राहतो. "आजोबा, कंट्रोल-एस," म्हणतो, आणि आम्ही दाबतों.