इन्कॉग्निटो सामायिक संगणकासाठी आहे
दहावी-बारावीचे निकाल लागले की नगर शहरापासून शेवगाव, पाथर्डीपर्यंत सेवा केंद्रांत आणि नेट कॅफेत प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला गर्दी होते. एकाच संगणकावर दिवसभर अनेकांचे लॉगिन होतात. ब्राउझरचा खासगी मोड, म्हणजे ‘इन्कॉग्निटो’, खरा हवा तो इथे. सगळ्या खासगी खिडक्या बंद केल्या की पाहिलेल्या संकेतस्थळांची यादी, कुकीज आणि लॉगिन त्या संगणकावर उरत नाहीत. पुढच्या माणसाच्या हाती आधीच्याचे खाते उघडे पडत नाही. पण या सोयीची ओळख ‘कुणाला न कळता काहीही पाहण्याची जागा’ अशी झाली आहे आणि ती घातक आहे.

खासगी मोड फक्त त्या संगणकावरच्या खुणा पुसतो. इंटरनेट कंपनीला, कार्यालयाच्या नेटवर्कला आणि संकेतस्थळाला आपण दिसतोच. सायबर कॅफेंसाठीच्या २०११च्या नियमांनुसार तर ग्राहकांनी पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान वर्षभर जपणे मालकाला बंधनकारक आहे. गूगलवर अमेरिकेत २०२० साली याच मोडवरून खटला झाला आणि २०२४च्या तडजोडीत कंपनीने या मोडमधल्या ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. उतरवलेली फाइलही आपोआप पुसली जात नाही. ई-आधारची पीडीएफ ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच राहते. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. शेजारीच शाळा सोडल्याचा दाखला स्कॅन करून ठेवलेला असेल, तर पासवर्ड ओळखायला कितीसा वेळ लागणार?

‘ज्याला काही लपवायचे नाही, त्याला याची गरज काय?’ असे विचारले जाते. पण बँक खाते, जातीचा दाखला, आजाराची माहिती जपणे म्हणजे गुन्हा लपवणे नव्हे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एकमताने सांगितले आहे. दुसरा आक्षेप असा, की मोडच्या मर्यादा ब्राउझर स्वतःच पडद्यावर सांगतो. सांगतो हे खरे. पण रांग खोळंबलेली असताना ती सूचना वाचतो कोण? लॉगआउट केले की पुरे, असेही म्हणतात. पण घाईत विसरतो तो नेमका लॉगआउटच.

म्हणून केंद्रचालकांनी प्रत्येक ग्राहकासाठी आधीच्या खासगी खिडक्या बंद करून नवी उघडावी आणि काम संपताच त्याच्यासमोर फाइल्स कायमच्या पुसाव्यात. ग्राहकांनीही हे हक्काने मागावे, पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू देऊ नये आणि शक्य तिथे बँकेचा व्यवहार स्वतःच्याच फोनवर करावा.