सरकी घरची की दुकानातली?

शेतकरी बंधूंनो, पऱ्हाटीच्या बियाण्यापायी दरसाल किती पैसे दुकानात मोजता, याचा हिशेब एकदा मांडा. आपल्या बापजाद्यांना हा खर्च नव्हता. चांगल्या झाडाची बोंडं वेगळी वेचायची, त्यातली सरकी पुढल्या पेऱ्याला ठेवायची आणि उरलेली ढोरांना घालायची. मोहेंजोदडोत सुती कापडाचे तुकडे सापडले, म्हणजे या देशात कापूस चार हजार वर्षांहून जुना. तो सगळा कारभार देशी सरकीवर चालला.

मग बिनसलं कुठं? १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ ला युद्ध थांबलं, भाव पडला. हिंगणघाटचा तलम कापूस तेव्हा नावाजलेला होता. पण त्याला रुईचा उतारा कमी. व्यापारी पैसे मोजणार वजनावर! मग जाड्याभरड्या पण जास्त उताऱ्याच्या ‘रोझियम’ने त्याला मागं सारलं. यात शेतकऱ्याचं काय चुकलं? धाग्याला दामच नाही, तर धागा कोण जपणार?

पुढं १९७० मध्ये सुरतहून एच-४ हा संकरित कापूस आला, २००२ मध्ये बीटी आलं. उत्पन्न वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संकरित सरकी पुन्हा पेरली तर पीक एकसारखं येत नाही. म्हणून दर मिरगाला दुकानाची पायरी आलीच. आणि ज्या अळीसाठी हे बियाणं घेतलं, त्याच गुलाबी बोंडअळीनं २०१७ साली बीटीची बोंडं पोखरली. पाऊस दगा देतो तेव्हा बियाण्याचं कर्ज मात्र फिटायचं राहतंच.

देशी कापूस पाण्याचा ताण सोसतो, रसशोषक किडींनाही तितका बळी पडत नाही. बोंड लहान, वेचणीला मजूर जास्त, वेळेवर वेचलं नाही तर कापूस गळतो, हे खरंच आहे. म्हणून सगळं वावर देशीखाली आणा, असं कोणी म्हणणार नाही. पण कोरडवाहू हलक्या रानात चार तासं तरी पेरून बघा. अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी सुधारित देशी वाण काढले आहेत. परभणीचे काही तर लांब धाग्याचे आहेत.

मात्र नुसतं पेरून भागणार नाही. देशी कापसाचा ढीग बाजार समितीत वेगळा लागला पाहिजे, जिनात वेगळा पिंजला गेला पाहिजे आणि भाव धागा पाहून ठरला पाहिजे. आखूड धाग्याला औषधी कापसाच्या धंद्यात गिऱ्हाईक आहे. पण सरमिसळ झाली की सगळाच माल मातीमोल. हिंगणघाटच्या कापसाचं जे झालं, तेच पुन्हा होईल.

तेव्हा ही मागणी पुढच्या ग्रामसभेत मांडा, बाजार समितीच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यालाही विचारा. पेरणी आपल्या हातात आहे. सरकीही आपल्याच हातात असायला नको का?