अधिछात्रवृत्तीच्या मासिक निश्चितीबाबत निवेदन

दि. ७ जुलै २०२५

प्रति,
मा. कुलगुरू महोदय

विषय : संशोधक विद्यार्थ्यांची अधिछात्रवृत्ती दरमहा वेळेत मिळणे व इतर मागण्यांबाबत

मा. महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, विद्यापीठाच्या विविध विभागांत पीएच.डी. करणारे पूर्णवेळ संशोधक विद्यार्थी, हे निवेदन सादर करीत आहोत.

आमच्यापैकी बहुतेकजण एम.ए., एम.एस्सी. संपताच नेट-जेआरएफ होऊन येथे आले. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये आणि एसआरएफची ३५,००० वरून ४२,००० रुपये झाली. रकमेबद्दल आमचे काही म्हणणे नाही. ती हातात कधी पडते, हा प्रश्न आहे. जुलै उजाडला तरी अनेकांच्या खात्यावर एप्रिलचे पैसे आलेले नाहीत.

असे झाले की खापर दिल्लीवर फोडण्याची रीत आहे. काही वेळा ते खरेही असते. या वेळी मात्र अडथळा आपल्याच आवारात आहे. विद्यार्थी मासिक तक्ता भरतो, त्यावर मार्गदर्शकांची आणि विभागप्रमुखांची सही होते, प्रशासकीय इमारतीत त्याला आवक क्रमांक पडतो. मग बँकेच्या पोर्टलवर ‘मेकर’ नोंद करतो आणि ‘चेकर’ ती मंजूर करतो; हीच मासिक निश्चिती. ही शेवटची दोन कामे मिळून पाच मिनिटांचीही नाहीत. पण आपल्याकडे मेकर एक आणि चेकरही एकच. चेकर असलेले अधिकारी एप्रिलमध्ये परीक्षांच्या कामात होते, मे महिन्यात रजेवर गेले. रजा हा त्यांचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही; पण त्यांच्याबरोबर पासवर्डही रजेवर गेला. आमच्यातील एकाचा तक्ता तर सही असूनही परत आला, कारण विभागाचा शिक्का नव्हता. शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली गावी गेलेल्या शिपायाकडे.

अधिछात्रवृत्ती घेताना आम्ही दुसरीकडे कमाई करणार नाही, असे हमीपत्र देतो आणि ते पाळतो. त्यामुळे ती थांबली की खोलीचे भाडे आणि मेसचे खाते दोन्ही थकतात. घरमालक विचारतो, “तुम्ही नोकरीला आहात की शिकताय?” याचे सरळ उत्तर आमच्याकडे नसते, कारण पगारपत्रक नाही आणि फीची पावती मात्र आहे.

नुकसान पोटापुरतेच राहत नाही. आमची एक सहकारी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांवर काम करते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमांची उचल घेतलेल्या कोयत्यांच्या, म्हणजे मजूर जोडप्यांच्या, टोळ्या बाहेर पडतात; त्याआधी गावात पोचायला हवे. गेल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरचे पैसे नोव्हेंबरअखेर आले. ती शिरूर कासार तालुक्यात पोचली तेव्हा घरांना कुलपे होती आणि ओट्यावर म्हातारी माणसे. तिचे वर्ष गेले, आणि प्रगती अहवालात त्याची नोंद ‘क्षेत्रकार्य अपूर्ण’ एवढीच झाली.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, मेकर आणि चेकर या दोन्ही कामांसाठी पर्यायी अधिकाऱ्यांची लेखी नेमणूक व्हावी, दरमहा ५ तारखेपर्यंत आलेल्या तक्त्यांची निश्चिती १० तारखेच्या आत व्हावी आणि कोणाचा तक्ता कोणत्या टेबलावर आहे हे विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसावे. त्रुटी असल्यास ती एकदाच, लेखी कळवावी. आज शिक्का, उद्या तारीख, परवा शाईचा रंग असे होऊ नये.

दोन वर्षे पूर्ण झालेल्यांच्या जेआरएफ ते एसआरएफ बढतीच्या बैठका बाहेरचे तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून लांबतात. तज्ज्ञांची यादी आधीच मंजूर करून ठेवल्यास हा प्रश्न राहणार नाही. वसतिगृहात जागा नसल्याचा दाखला अर्जानंतर आठ दिवसांत मिळावा; त्याविना घरभाडे भत्ता मिळत नाही आणि वसतिगृहाची यादी तर सप्टेंबरात लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार संशोधकांना आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येते. ते आम्ही आनंदाने करतो. वर्गात उभे राहिल्याशिवाय शिकवता येत नाही. पण परीक्षेचे पर्यवेक्षण, नॅकच्या फायली आणि समारंभात पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जाणे, हे त्यात कसे बसते ते आम्हाला समजलेले नाही. कामाचे तास लेखी ठरावेत. त्याच विनियमांतील महिलांसाठीची २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा अर्जदाराला प्रत्येक टेबलावर नव्याने समजावून सांगावी लागू नये, यासाठी एक परिपत्रक काढावे.

आपण १८ जुलैपूर्वी आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. जूनचे तक्ते आम्ही २ जुलैलाच दाखल केले आहेत; त्यांचे आवक क्रमांक सोबत जोडले आहेत.

आपले नम्र,
पूर्णवेळ संशोधक विद्यार्थी
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीस्तव : मा. प्र-कुलगुरू, मा. कुलसचिव, मा. वित्त व लेखा अधिकारी