वेताळाच्या चपला

दिवाळीत दादाकडे सगळे जमलो होतो. फराळ झाला, गप्पा झाल्या आणि कोणीतरी विषय काढला म्हणून दादाने माळ्यावरून तो गठ्ठा खाली काढला. इंद्रजाल कॉमिक्स! पुठ्ठ्याची बांधणी, पिवळी पडलेली पानं आणि तो जुन्या कागदाचा वास. पन्नाशीच्या पुढची चार माणसं जमिनीवर फतकल मारून बसली आणि पुढचा तासभर कोणी कोणाशी बोललं नाही. वहिनीने चहा दोनदा गरम केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, ते १९९० पर्यंत चाललं. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, बहादूर हे सगळे नंतर आले. सुरुवातीच्या अंकांत राज्य एकट्या वेताळाचं. मूळचा हा ली फॉकचा 'फँटम', अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १९३६ साली अवतरलेला. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एका जहाजावर सगळ्यांना मारलं, एक तरुण तेवढा किनाऱ्याला लागला, बांदार जमातीने त्याला वाचवलं. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापानंतर मुलगा तोच मुखवटा घालतो. जगाला वाटतं, हा चारशे वर्षं जिवंत असलेला, न मरणारा कोणीतरी आहे. खरं काय ते फक्त बांदारांना ठाऊक. आणि आपल्याला!

त्या 'आणि आपल्याला' मध्येच सगळी गंमत होती. जंगल घाबरायचं, गुंड थरथरायचे, आणि आम्ही चाळीच्या जिन्यात बसून मनात म्हणायचो, 'अरे, हा एकविसावा आहे, आम्हाला माहीत आहे.'

तर आमचं वाचन चालू असताना माझी पुतणी (वय वर्षं बारा) मागून डोकावत होती. एक अंक वाचून झाल्यावर तिने विचारलं, "काका, हा माणूस जंगलातल्या लोकांना खरं का सांगत नाही? आणि इतक्या वर्षांत त्यांच्यातला एकही वेताळ कसा झाला नाही?"

दादा एकदम चिडला. म्हणाला, "तुम्ही हल्लीची मुलं ना, काही म्हणजे काही सुखाने वाचू देणार नाही." बाकीच्यांनीही त्याचीच री ओढली. लहानपणाची गोष्ट आहे, तिची चिरफाड कशाला?

मला मात्र तो प्रश्न झोंबला. कारण तो मला पन्नास वर्षांत एकदाही पडला नव्हता. का पडला नसावा, याचा विचार करत होतो, तेव्हा आजोळचा वेतोबा आठवला.

आमचं आजोळ सिंधुदुर्गातलं. तिकडे आरवलीच्या वेतोबाला मोठमोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, असं सांगतात. लहानपणी आजी त्या चपलांचे तळवे दाखवायची आणि आम्ही ते खरंच झिजलेले पाहायचो. गोव्यातही हाच बेताळ होऊन गावं राखतो. आता सांगा, रात्रीअपरात्री फिरणारा, दुष्टांना धाक आणि गरिबाला आधार असणारा, ज्याला कोणी मरताना पाहिलेलं नाही असा कोण? ज्या कोणी 'फँटम'ला 'वेताळ' म्हटलं, त्याने आमच्या हातात वेगळंच पुस्तक दिलं. आम्ही गोरा साहेब वाचलाच नाही. आम्ही आमचा राखणदार वाचला.

पण साहेब तिथे होताच. आफ्रिकेतल्या जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या घराण्याचा धाक, तोही एका थापेच्या जोरावर! आणि आपल्याकडच्या संपादकांच्याही हे काही प्रमाणात लक्षात आलं असावं. मूळ चित्रमालिकेतला देश सुरुवातीला 'बेंगाली' होता, पुढे 'बंगाला' झाला. आपल्याकडे तो 'डेंकाली' झाला. चाच्यांच्या टोळीचं नाव मूळात 'सिंग', ते आपल्याकडे 'सिंगा' झालं. म्हणजे आपल्या माणसांना लागेल तेवढं पुसलं. आफ्रिकेतल्या माणसांना लागेल ते पुसायला तिथे कोण होतं? दोष देत नाही, आम्हालाही ते कधी सुचलं नाही.

ली फॉकच्या बाजूनेही एक सांगायला हवं. तो १९९९ साली गेला, तोवर लिहीत होता, आणि त्याचं जंगल बदलत गेलं. पुढे तिथे लुआगा नावाचा आफ्रिकी डॉक्टर राष्ट्राध्यक्ष होतो, निवडून आलेला. म्हणजे लेखकाला स्वतःलाही कुठेतरी तोच प्रश्न पडला असणार, जो माझ्या पुतणीला पडला. त्याने गोष्ट फेकून दिली नाही, आणि होती तशी धरूनही बसला नाही.

म्हणून मला वाटतं, जुनी कॉमिक्स पुन्हा वाचायची तर अशी वाचावीत, घरातल्या पोरांना शेजारी बसवून. ती जे विचारतील त्याने आपलं बालपण काही मोडत नाही. तो जिना, तो वास, ते गुपित माहीत असण्याचं सुख, सगळं जिथल्या तिथे राहतं. 'चिरफाड नको' म्हणून गठ्ठा परत माळ्यावर टाकला, तर मात्र तो आपल्याबरोबरच संपेल. आणि 'वाईट आहे' म्हणून रद्दीत घातला, तर पोरांना प्रश्न तरी कशावरून पडणार?

पुतणीला मी त्या दिवशी एवढंच म्हणालो, "तुझं बरोबर आहे गं. सांगायला हवं होतं त्याने." मग तिला वेतोबाच्या चपलांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "पण काका, त्या चपला खरंच झिजतात का?"

आली का पंचाईत! मेमध्ये गावी नेतो म्हटलं, स्वतःच बघ.

दादा, वाचतोयस ना? रागावू नकोस. आणि तो गठ्ठा इतक्यात माळ्यावर टाकू नकोस, तिचे अजून बरेच अंक वाचायचे राहिलेत.